पाळीवरचं खाकरणं

माजरीच्या स्टँडवर भावाने मला तीनदा विचारलं, “सोबत कोन हाये?” तिन्ही वेळा मी म्हटलं, “कोणी नाही.” तिसऱ्यांदा त्याने माझ्या बॅगेकडे असं पाहिलं, जणू निदान ती तरी दुसरं उत्तर देईल.

माझं वय एकोणतीस. बाबा कोळशाच्या खाणीत होते. आई सही करायला शिकली ती माझ्याकडून. आमच्या क्वार्टरांच्या ओळीत एम.ए. झालेली मी पहिली, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. भद्रावतीला तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. चामोर्शी तालुक्यातल्या एका कॉलेजने वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा मी ते पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. विषय होता ‘आजची स्त्री खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाली आहे’. भाऊ म्हणाला, “मी येतो सोबत.” मी म्हटलं, स्वतंत्र स्त्रीवर बोलायला भावाला घेऊन जाऊ का? तो हसला नाही.

चंद्रपूरहून मूलमार्गे चामोर्शीला जाणाऱ्या गाडीत खिडकी मिळाली. धानाची कापणी होऊन गेली होती. मोकळ्या बांध्यांमध्ये, धानाच्या खाचरांत, पुंजणे (धानाच्या रचलेल्या गंज्या) उभे होते. मध्येच शेत संपायचं आणि जंगल सुरू व्हायचं, वाघापासून सावध राहा सांगणारी पाटी यायची, परत शेत. शेजारच्या म्हातारीने चौकशी सुरू केली.

“पोरंबाळं किती, बाई?”

“लग्न नाही झालं.”

“मंग कोनाच्या घरी चालली?”

“कामाला.”

तिने पिशवीतून दोन उकडलेले शिंगाडे काढून माझ्या हातावर ठेवले आणि हात थोपटला. दवाखान्यात भेटायला आलेलं माणूस असंच थोपटतं. शिंगाडे मात्र गोड होते.

हरणघाटाच्या पुलावर वैनगंगा दिसली. एवढं मोठं पात्र, आणि पाणी कुठे कुठे. मधल्या वाळूवर एक माणूस एकटाच चालत होता, कुठून कुठे ते कळत नव्हतं. पूल संपेपर्यंत मी त्याच्याकडे पाहत होते.

चामोर्शीत उतरले तेव्हा चार वाजले होते. कॉलेजने सांगितलेल्या लॉजवर गेले. काउंटरवरच्या माणसाने माझं आधारकार्ड उलटंपालटं करून पाहिलं.

“एकट्या बाईले रूम देत नाई, मॅडम. तुमच्याच भल्यासाठी हाये.”

मी विचारलं, माझं भलं बाहेर रस्त्यावर आहे का? त्यावर तो फक्त “तसं नाई, मॅडम, तसं नाई” म्हणत राहिला. दुसरे दोन परीक्षक, दोघेही सर, त्याच लॉजवर वरच्या मजल्यावर चहा पीत होते. त्यांनी वरूनच नमस्कार केला.

शेवटी कॉलेजचे शिपाई देवरावभाऊ मोटारसायकल घेऊन आले. “मॅडम, माह्या गावी चाला. माही वहिनी एकटीच राह्यते. तुमाले काई तरास होनार नाई.” अशी मी दहा-बारा किलोमीटरवरच्या एका तलावाकाठच्या गावात पोचले.

देवरावभाऊंची वहिनी म्हणजे वच्छलाबाई. पन्नाशीची, काटक, आवाज भरीव. नवरा वारून चौदा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन राजुऱ्याकडे. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर जाळं टांगलेलं. जेवायला झिंग्याचा रस्सा आणि वाफाळता भात. तिने दोन ताटं एकदमच वाढली आणि माझ्याआधी घास घेतला.

“पाहून काय राह्यली? जेव. एकटीच्या घरी मागून जेवाचं तरी कोनं?”

आम्ही दोघी हसलो. प्रवासाला निघाल्यापासून पहिल्यांदाच मला कोणी ‘एकटी कशी’ विचारलं नव्हतं. तीही ‘मी जातो, मी करतो’ म्हणत होती, आमच्याकडच्या बायकांसारखीच. मला घरी असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा भिंतीवरचं जाळं नव्हतं. शाल गुंडाळून मी तलावाच्या पाळीवर (बांधावर) गेले. मालगुजारांच्या काळातला जुना तलाव, त्यावर धुकं. उजाडता उजाडता पाण्यावर एक डोंगा दिसला, झाडाचं खोड कोरून केलेली अरुंद होडी. तिच्यात वच्छलाबाई उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिने कंबरेतून अर्धा झोका घेतला आणि जाळं फेकलं. ते हवेत पूर्ण गोल उघडलं आणि पाण्यावर अलगद बसलं. डोंगा हललासुद्धा नाही. बायका काम करताना मी खूप पाहिल्या आहेत. एवढ्या ऐसपैस उभी असलेली पाहिली नव्हती.

तेवढ्यात गावाकडच्या वाटेवरून कोणीतरी खाकरलं. मोठ्याने, दोनदा.

वच्छलाबाईने लगेच बांबू टेकून डोंगा काठाशी आणला. ती खाली उतरली, जाळं खांद्यावर घेतलं, मासळीची टोपली उचलून जरा बाजूला जाऊन उभी राहिली. मग पाळीवर तीन माणसं आली. पुढच्याच्या गळ्यात लाल मफलर होता.

“काय वच्छलाबाई, थंडी हाये!”

“हाव, काशिनाथभाऊ. लय हाये.”

कोणी डोंग्याकडे पाहिलं नाही. कोणी टोपलीकडे पाहिलं नाही. माणसं आपापली जाळी घेऊन पलीकडे गेली.

परत येताना तिने सांगितलं. बाई डोंग्यात बसली की तलाव रुसतो, मासोळी तळाला जाते, असं इथे मानतात. बाईने काठाने कमरेएवढ्या पाण्यात धरावी तेवढीच. नवरा गेल्यावर मासेमारी संस्थेतलं त्याचं सभासदत्व दिराच्या नावावर गेलं. दीर कॉलेजात शिपाई, त्याला वेळ कुठला? मग ती त्याच्या नावावर डोंगा काढते. उजाडायच्या आत. पुरुष येतात ते वाटेवरूनच खाकरतात, म्हणजे तिला उतरायला वेळ मिळतो, आणि त्यांनी काही पाहिलेलं नसतं.

“काशिनाथभाऊ तं संस्थेचा अध्यक्ष हाये. सगळ्यात मोठ्यानं तोच खाकरते,” ती म्हणाली आणि खुदकन हसली.

“आणि वाघाची भीती नाही वाटत? एवढ्या सकाळी?”

“वाघ काय बाई-मानूस पाहून येते का?”

मला मात्र ते खाकरणं ऐकून आतून काहीतरी खुपलं होतं. खुपलेलं घेऊनच मी कॉलेजात गेले.

तिथे स्वागत झालं. दोन्ही सरांना शाल आणि नारळ. माझ्यापाशी आल्यावर सूत्रसंचालक थोडे गडबडले. शाली दोनच आणल्या होत्या. मला ब्लाऊजपीस आणि नारळ. एक प्राध्यापिका कुंकवाची कोयरी घेऊन पुढे आल्या, माझ्या गळ्याकडे पाहून थबकल्या आणि तशाच मागे गेल्या. प्रास्ताविकात सांगण्यात आलं, “एक तरी महिला परीक्षक असावी, असा आमचा आग्रह होता.”

मुलं बोलली. एकाने टेबलावर हात आपटून सांगितलं, “आमच्या घरी आईला पूर्ण स्वातंत्र्य आहे! बाबा तिला काहीच कमी पडू देत नाहीत!” सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच. एक मुलगी म्हणाली, “स्त्रीने शिकावं, पण संस्कार विसरू नयेत,” आणि माझ्या शेजारचे सर मान डोलावत माझ्याकडे वळले, जसं काही ते वाक्य माझ्यासाठीच होतं.

शेवटी परीक्षकांचं मनोगत. पहिल्या रांगेत पाहुण्यांमध्ये लाल मफलर दिसला. काशिनाथभाऊ. तोवर माझ्यात कालपासूनचं सगळं साचलं होतं. लॉज, शिंगाडे, ब्लाऊजपीस, सगळं.

मी वच्छलाबाईची गोष्ट सांगितली. नाव घेऊन सांगितली. ती डोंग्यात कशी उभी राहते, जाळं कसं गोल उघडतं, आणि पुरुष आले की तिला चोरासारखं कसं उतरावं लागतं. मी माइकवर खाकरूनही दाखवलं. सभागृह हसलं. मी म्हटलं, “पुरुषांनो, खाकरणं सोडा आणि डोळे उघडा. ती तुमच्यापेक्षा चांगलं जाळं फेकते.” टाळ्या थांबेनात. मुली उभ्या राहिल्या. कोणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं. काशिनाथभाऊंनीही टाळ्या वाजवल्या, इतरांच्या थोड्या मागून. मग त्यांनी मफलर हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

शेवटची गाडी निघून गेली होती, म्हणून परत गावातच मुक्काम. वाटेत देवरावभाऊंनी मोटारसायकल जोरात हाणली. मला वाटलं, थंडी आहे. घरी वच्छलाबाईशी ते दारातच हळू आवाजात काही बोलून गेले. तिने कालच्यासारखाच भात वाढला, मरळीचा मोठा तुकडा माझ्या ताटात घातला. मी तिला माझ्या टाळ्यांबद्दल सांगत होते. ती “हाव, हाव” करत होती. मला त्या रात्री फार छान झोप लागली.

सकाळी जाळं भिंतीवरच होतं.

वच्छलाबाई पाळीवर बसली होती. डोंगा पाण्याबाहेर, मोहाच्या झाडाखाली पालथा घातलेला. वाटेवरून माणसं आली. कोणी खाकरलं नाही. सरळ आली, डोंग्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेली. ‘थंडी हाये’ सुद्धा कोणी म्हटलं नाही.

“हे काय?” मी विचारलं.

“आता समद्यायले दिसली न मी,” ती म्हणाली. “अध्यक्षापुढं दिसली. दिसल्यावर त्याले नाई म्हनाच लागते.”

“पण चूक त्यांची आहे. हा तुमचा अपमान होता, वच्छलाबाई. रोज सकाळी.”

“होता. मले काय समजत नाई?” ती पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलली. “पन त्यायच्या खाकरन्यावर चौदा वर्सं माहं पोट भरलं. पोरीचं लगन केलं. तुह्या टाळ्यानं भरन का?”

एम.ए.ला दोन वर्षं मी हेच वाचलं होतं, बाईच्या वतीने दुसरेच बोलतात. पेपरात त्यावर चांगले गुण मिळवले होते.

थोड्या वेळाने ती शांतपणे म्हणाली, “तू खोटं नाई बोल्ली, पोरी. पन मले इचारलं काऊन नाई?”

मी म्हटलं, “मी काशिनाथभाऊंकडे जाऊन बोलते.”

“पाह्य, अजूनही मले नाई इचारलं.”

मी तिच्याशेजारी बसले. मग तिनेच विचारलं, “लिव्हता येते न तुले? कागद काढ. मी सांगतो तसं लिव्ह. तुह्या मनचं एक अक्षर नाई पायजे.”

मोहाखाली पालथ्या डोंग्यावर वही ठेवून मी लिहीत गेले. संस्थेच्या अध्यक्षांना अर्ज. मी वच्छला, या गावची. चौदा वर्षं देवरावच्या नावावर मासोळी धरून राह्यली. तलाव रुसला नाही. तुम्ही सगळे साक्षीदार आहात. माझ्या नवऱ्याचं नाव होतं तिथे माझं नाव लिहा. नाही लिहायचं तर का नाही, ते कागदावर द्या.

‘समान हक्क’ हे शब्द पेनाच्या टोकापर्यंत आले होते. मी ते लिहिले नाहीत. तिने अर्ज दोनदा वाचायला लावला, ‘तलाव रुसला नाही’पाशी मान हलवली आणि सावकाश सही केली. सही करायला मुलीने शिकवलं, म्हणाली. अर्ज घेऊन ती एकटीच काशिनाथभाऊंच्या घराकडे गेली. सोबत येऊ का, असं मी या वेळी विचारलं. ती म्हणाली, नको.

देवरावभाऊंनी मला स्टँडवर सोडलं. उतरताना एवढंच म्हणाले, “वहिनी कोनाले असं काम सांगत नाई, मॅडम. तुमाले लिव्हाले लावलं म्हनजे राग गेला असंन.” मला ते खरं वाटलं नाही, पण धरून ठेवलं. हरणघाटाच्या पुलावर या वेळी वाळू रिकामी होती.

माजरीला पोचायच्या आधी माझं भाषण पोचलं होतं. भावाने स्वतःच्या मित्रांना पाठवलं होतं, आई शेजारणींना दाखवत होती. “कशी बोल्ली माही पोरगी!” मी खाकरते तिथे सगळे हसत. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहत असे. एवढी माणसं कौतुक करत असताना कोणाला सांगणार?

तीन आठवड्यांनी देवरावभाऊंच्या फोनवरून वच्छलाबाई बोलली. संस्थेची बैठक झाली होती. आजवर जे कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते त्यांनी वहीत लिहिलं: बाईने डोंगा काढू नये. तिचा अर्ज पुढच्या बैठकीला ठेवला. सध्या ती काठानेच, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मासळी धरते. पाय फार गारठतात, म्हणाली.

“पन कागदावर आलं,” ती म्हणाली. “आता मी इचारीन, कोनं लिव्हलं, काऊन लिव्हलं. खाकरन्याले काय इचारता येत होतं?”

तिच्या आवाजात हसू होतं की काय, मला नीट कळलं नाही. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, “मी येऊ का, वच्छलाबाई?”

“ये न.”

आणि लगेच पुढे म्हणाली,

“बोलाले नको येऊ. जेवाले ये.”