काळ्या स्क्रीनवरची होडी

आधीच सांगतो, चौकात उतरवून टाकलेल्या लिंबावरून मी बिनधास्त गाडी घालतो. भूतबित, अंगात येणं... आपल्याला कशाशीच घेणंदेणं नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. यात भूत नाहीच. एक कॉम्प्युटर आहे, आणि माझे वडील.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. वडील — आम्ही त्यांना आबा म्हणतो — बोर्ड पेंटर. रत्नागिरी रोडला पार मलकापूरपर्यंत दुकानांवर त्यांच्या हातचे बोर्ड होते. त्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात जवळजवळ गेला, आणि बोलणंही. 'व्हय' आणि 'न्हाय', बास. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही महिन्यांत हात जेवढा हलवाल तेवढा परत येईल.

व्यायामाला दिलेला रबरी चेंडू आबा डाव्या हाताने भिरकावून द्यायचे. पण माझ्या कॉम्प्युटरवरचा एक गेम त्यांना आवडला. माउसने होडी चालवायची, काठाला न लावता नदी पार करायची. रोज चारचा चहा झाला की मी गेम लावून द्यायचो आणि ते उजव्या हाताने खेळायचे. चौथ्या लेव्हलच्या पुढे कधी गेले नाहीत. मीही नाही, मला तो भयंकर रटाळ वाटायचा.

मग मी शहाणपणा केला. एका मासिकाबरोबर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी आली होती. हौसेने टाकायला गेलो आणि भलतंच पार्टिशन फॉरमॅट केलं. विंडोज साफ! मित्राकडून सीडी आणून परत टाकता आलं असतं... पण नाही, मला तो गेम लिनक्सवरच चालवून दाखवायचा होता. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायला वाईन नावाचा प्रोग्रॅम असतो. आईने फक्त नाव ऐकलं. "बाप आजारी, आनि तू घरात वाईन लावतुयास व्हय रं?" म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आठवडाभर झटल्यावर गेम सुरू झाला. पण ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नव्हता. पाण्याचा आवाज, वल्ह्यांचा आवाज, लेव्हल संपल्याची घंटा, सगळं ऐकू येत होतं. स्क्रीन मात्र काळी कुळकुळीत. आबा शेजारी बसले होते. त्यांचा हात आठवडाभर नुसता मांडीवर पडून होता, तोही माझ्यामुळे. मला स्वतःची लाज वाटली.

"चित्रच येईना, आबा. सगळं काळंच हाय."

"अस्तर हाय," आबा म्हणाले.

झटक्यानंतरचा त्यांचा हा पहिला नवा शब्द. बोर्डावर अक्षरं काढण्याआधी जो पहिला हात मारतात, ते अस्तर. आबा काळं अस्तर मारायचे आणि ब्रश उचलण्याआधी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायचे. आताही तसेच बसले. मग स्वतःहून माउस धरला आणि होडी हाकायला लागले.

मला वाटलं, रस्ता पाठ झालाय. एकेक करत चार घंटा वाजल्या. होडी काठाला घासल्याचा आवाज एकदाही नाही. पाचवी लेव्हल सुरू झाली तेव्हा मी गमतीने विचारलं, "काय दिसतंय, आबा?"

"पानी... मोरपंखी," ते थांबत थांबत म्हणाले. "पूल. तीन कमानी. मधली... बुजीवल्याली हाय."

माउस डावीकडे वळला. जरा वेळाने घंटा वाजली. आई हातातली परात घेऊन दारातच उभी राहिली होती.

पुढच्या रविवारी ड्रायव्हर मिळाला आणि चित्र आलं. मी आधी पाचवी लेव्हल उघडली. मोरपंखी पाणी. तीन कमानींचा पूल. मधली कमान दगडांनी बुजवलेली.

आबांना बोलावलं. त्यांनी एकदा बघितलं, तोंड वाकडं केलं. "कच्चा हात हाय कुनाचा तरी," म्हणाले आणि माउस सोडला. त्यानंतर तीन दिवस हात मांडीवर, आणि बोलणं पुन्हा 'व्हय'-'न्हाय'वर. मी घाबरलो. चौथ्या दिवशी इतक्या खटपटीने बसवलेला ड्रायव्हर मी काढून टाकला. स्क्रीन काळी झाली आणि आबांनी खुणेने खुर्ची पुढे सरकवायला लावली.

असं दिवाळीपर्यंत चाललं. रोज नवा घाट, नवी झाडं, नवे रंग ते सांगत राहिले, आणि मी ऐकत राहिलो. पुढच्या लेव्हल मी चित्र लावून कधी ताडून बघितल्या नाहीत. धीर झाला नाही.

मित्र म्हणतात, आवाजावरून खेळत असतील. असतील. पण पाण्याचा रंग आवाजावरून कळतो का? बुजलेली कमान कळते?

एकदा खेळता खेळता आबा थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला खरंच काय दिसत न्हाय?"

त्यात थट्टा नव्हती. आजारी माणसाची विचारपूस करावी तसा आवाज होता. मी म्हणालो, "न्हाय, आबा."

त्यांनी माउसवरचा हात उचलला, तोच उजवा, झटक्यानंतर खांद्याच्या वर कधीच न गेलेला, आणि सावकाश माझ्या डोक्यावर ठेवला. "दिसंल," म्हणाले.

मला अजून दिसलेलं नाही. त्यांना कसं दिसत होतं, तेही सांगता येत नाही.