डोकं फुटलेल्यांचा गुरुवार

आमच्या गुरुवारच्या ग्रुपचे किस्से सांगायला बसले की लोक आधी खो खो हसतात, मग एकदम गप्प होतात आणि "चहा टाकू का?" असं विचारतात. ते मला आता पाठच झालंय. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या डोक्यात काल काय जेवलो ते राहत नाही, पण असले किस्से मात्र बरोबर साठत जातात. असं का होतं, ते डॉक्टरांना विचारा. मला त्यांनी सांगितलं नाही.

माझी गोष्ट छोटी आहे. शाळेतून घरी येताना ऑटो उलटला आणि डोकं दुभाजकावर आपटलं. टाके निघाले, केस परत आले, झोप मात्र गेली ती गेलीच. त्यात साधी घंटा वाजली तरी छातीत धडधडायचं. आणि मी शाळेत शिक्षिका! घरचे म्हणत, "शांत राहा." हे दोन शब्द ज्यानं शोधले त्याला एकदा भेटायचं आहे मला.

शेवटी अकोल्यातल्या एका दवाखान्यामागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी ध्यानाचा वर्ग सुरू झाला. शिकवायला मॅडम अमरावतीहून एसटीनं यायच्या. मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन अमरावतीला आलेल्या. श्वासाकडे लक्ष द्यायचं, मन भटकलं की हळूच परत आणायचं, झोप येईल, धास्ती कमी होईल, असं त्या सांगत. आम्ही ऐकत असू. दुसरं करणार काय?

*

पहिल्याच दिवशी वाहिदभाईंनी वर्ग उधळला.

वाहिदभाई म्हणजे जुन्या शहरातले जिनिंगचे फिटर. सरकी वेगळी करून कापसाची रुई काढणारी ती मशिनं त्यांनी उभा जन्म सांभाळली. मोर्णा नदीच्या पुलावर दुचाकी घसरली आणि डोकं फुटलं. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, नीट झोप लागेपर्यंत मशीनजवळ पाऊल टाकायचं नाही. आणि सेठनं सांगितलं होतं, सीजनचा पहिला कापूस येईपर्यंत तुमची जागा ठेवतो. म्हणजे सीजनच्या आत झोप आली तर काम, नाही तर घरी बसा. ज्या झोपेवर आपलं सगळं टांगलेलं आहे ती मागून येते का कधी?

तर आम्ही डोळे मिटून बसलो होतो. डोक्यावर पंखा खडखड करत होता. आणि लोडशेडिंग झालं. पंखा हळूहळू थांबला. मॅडम खूश झाल्या. "बघा, किती छान शांतता आहे. ती अनुभवा."

वाहिदभाई ताडकन उठले आणि ओरडले, "किसका हाथ गया?"

ते घामाघूम होऊन आम्हा सगळ्यांचे हात पाहत होते. नंतर त्यांची बायको शमीमभाभी, जी मागं भिंतीपाशी बसायची, हळूच म्हणाली, "मशीन बीच में बंद हुई, मतलब किसी का हाथ गया. उनको वोइच मालूम."

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला. शांततेबद्दल त्या दिवशी त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

*

सुधाकरभाऊंचं बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. खताची पोती डोक्यावर कोसळली, म्हणून ते आमच्यात आले.

मॅडम म्हणाल्या, "खोल श्वास घ्या."

भाऊ म्हणाले, "मॅडम, मले जमत नाई. आमच्या दुकानात खोल श्वास घेतला का चक्कर येते. इतकी वर्सं वरच्यावर घेतला, आता खाली जातच नाई तो!"

मॅडमनी त्यांना वरच्यावर घ्यायची परवानगी दिली.

पण खरी मजा पुढच्या गुरुवारी झाली. पेरण्या आटोपल्या होत्या आणि पाऊस बेपत्ता होता. लोक भाऊंच्या दुकानात येऊन बियाण्यावरून त्यांनाच झापत होते, जसं काही आभाळाची किल्ली भाऊंच्या गल्ल्यात होती. अशात मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "कल्पना करा, तुमचे विचार म्हणजे आकाशातले ढग. ते येतात, थांबत नाहीत, निघून जातात. त्यांना जाऊ द्या."

भाऊंनी खाडकन डोळे उघडले. "जाऊ कशाले द्याचे मॅडम? पेरणी झाल्यापासून तेच तं करून राहिले ना ते!"

झालं! सगळे डोळे उघडून खिडकीबाहेर बघायला लागले. ध्यान राहिलं बाजूला, कुणाच्या शेतात काय जळालं तेच सुरू झालं. ज्यांच्याकडं शेत नव्हतं त्यांनाही धास्ती भरली.

मॅडम शहाण्या. त्यांनी ढग काढून टाकले. पुढच्या वेळी म्हणाल्या, "तुमचे विचार म्हणजे नदीचं पाणी. ते वाहून जाऊ द्या."

वाहिदभाईंनी अदबीनं विचारलं, "कोनती नदी मॅडम? मोर्णा?"

सगळे हसलो. मग सगळ्यांनाच मोर्णेचं कोरडं पात्र दिसलं असावं, कारण हसणं एकदमच थांबलं.

*

एकदा मॅडमनी अमरावतीहून संत्री आणली. एकेकाच्या हातात एक दिलं. "आयुष्यात पहिल्यांदा पाहताय असं पाहा. सालीवरून बोट फिरवा. आता वास घ्या."

मी वास घेतला. काहीच नाही. परत घेतला. लाकडाचा गोळा नाकाला लावावा तसं झालं.

खरं म्हणजे ऑटो उलटला त्या दिवसापासून मला वास येणंच बंद झालं होतं. मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. भाजी करपली की "लक्ष नव्हतं" म्हणायचे. संत्र्याचा वास आपल्या वऱ्हाडात कुणाला येत नाही हो? पण मला आला नाही आणि मी हुंदके देऊन रडले.

शमीमभाभी मागून उठून आली. तिनं संत्र्याची साल काढली, माझ्या तोंडासमोर धरून चिमटीत दाबली. रस भस्सकन डोळ्यात गेला!

"आया?" ती म्हणाली.

"वास नाही आला भाभी, पण डोळा गेला!"

"चलो, अब तो आँख से रो रहे. पहले दिल से रो रहे थे, वो ज्यादा दुखता."

त्या दिवशी घरी जाऊन मी सगळ्यांना सांगून टाकलं. तेव्हापासून गॅसची शेगडी बंद करायचं काम नवऱ्याकडे आहे.

*

वकीलसाहेबांचा किस्सा मी हसत सांगायला लागते आणि दर वेळी मध्येच फसते.

न्हाणीघरात पडून त्यांच्या डोक्याला मार बसला. जुनं थोडंफार आठवे, नवं काही टिकत नसे. मुलगा आणून सोडायचा. दर गुरुवारी वकीलसाहेब वाहिदभाईंच्या शेजारी बसत आणि दर गुरुवारी विचारत, "आपली ओळख?" वाहिदभाई दर वेळी नव्यानं सांगत.

एक दिवस वाहिदभाईंना गंमत सुचली. म्हणाले, "मी जज्ज हावो."

वकीलसाहेब खुर्चीतून उठले. शर्टचं वरचं बटण लावलं. मान झुकवली आणि म्हणाले, "साहेब, मला केस आठवत नाही. पुढची तारीख द्यावी."

वाहिदभाईंचा चेहरा उतरला. ते उभे राहिले, वकीलसाहेबांचे हात धरले आणि म्हणाले, "देली, वकीलसाहेब. तारीख देली. बसा तुमी."

पुढच्या गुरुवारी परत तेच. "आपली ओळख?"

"मी वाहिद. तुमचा दोस्त."

*

वाहिदभाईंच्या झोपेचं घोडं काही पुढं सरकत नव्हतं. मॅडमनी हार मानली नाही. त्या म्हणाल्या, शांतता नको तर नको, आवाजावर ध्यान करा. घरात एकसारखा कुठला आवाज आहे?

भाभीनं शिवणयंत्र काढलं. दुपारी वाहिदभाई आडवे झाले की ती यंत्रावर बसायची आणि नुसतं पायडल मारायची. कापड नाही, धागा नाही, रिकामं यंत्र! शेजारणी विचारायच्या, "किसके कपडे सी रहे इतने?" भाभी म्हणायची, "बडा ऑर्डर है."

वाहिदभाईंना डुलकी लागायची. पण पाय दुखून भाभी थांबली रे थांबली की ते दचकून उठायचे आणि आधी तिचे हात बघायचे.

"आवाज लहान पडते मॅडम," ते एकदा म्हणाले. "आमच्या लाइनीत एका वक्ती सारे जिन चालतात. जमीन हालते. त्यात मी उभ्या उभ्या झोपलेलो हावो. एकदा सीजन सुरू होऊ द्या, मंग पाहा मी कसा झोपतो ते."

डॉक्टर म्हणत होते, आधी झोप मग मशीन. वाहिदभाई म्हणत होते, आधी मशीन मग झोप. मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला.

*

दिवाळी जवळ आली. सुधाकरभाऊंच्या दुकानात सगळ्या तालुक्याच्या बातम्या यायच्या. एका गुरुवारी त्यांनी मला आणि भाभीला दारात गाठलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "सेठ जिनिंग विकून राहिला. कापूसच नाई तं चालवतो काय? मशिना भंगारात, जागेवर लग्नाचं लॉन."

भाभी म्हणाली, "इनको मत बोलो." आम्ही शपथेवर कबूल झालो. वकीलसाहेब शेजारीच चपला काढत होते, पण त्यांची कसली काळजी! त्यांना स्वतःची चप्पल लक्षात राहत नव्हती.

वर्ग सुरू झाला. डोळे मिटलेले, पंखा खडखडतोय, सगळं छान. वकीलसाहेबांनी वाहिदभाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "वाहिदभाई, तुमची जिनिंग विकली, ऐकून फार वाईट वाटलं."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना नाव आठवलं होतं. आणि बातमीसुद्धा!

वाहिदभाईंनी डोळे उघडले नाहीत. मॅडम हळू आवाजात श्वास मोजत राहिल्या आणि मला त्यांचा, वकीलसाहेबांचा, सगळ्या जगाचा राग आला.

*

सेठनं वाहिदभाईंना बोलावणं पाठवलं. मशिनं बघायला नागपूरकडचा घेणारा आला होता. भंगाराचा भाव द्यायचा की चालू मशीनचा, ते त्याला चालवून पाहून ठरवायचं होतं. आणि ती जुनी लाइन वाहिदभाईंशिवाय कुणाला सुरू करता येत नव्हती.

गुरुवार होता. मॅडम म्हणाल्या, "आज वर्ग तिथेच घेऊ." आम्ही सगळे गेलो. वकीलसाहेबसुद्धा.

जिनिंगचं ते मोठं शेड रिकामं होतं. कोपऱ्यात रुईच्या गाठी बांधायच्या बारदानाचा ढीग पडला होता. वाहिदभाईंनी एकेका मशीनला तेल घातलं. पट्टे ताणून पाहिले. मग त्यांनी खटका ओढला आणि एकामागून एक सगळी लाइन सुरू झाली. पायाखालची जमीन थरथरली. त्यांनी लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेतला, एक टोक बेअरिंगला लावलं, दुसरं कानाला, आणि आतला आवाज ऐकत पार शेवटच्या मशीनपर्यंत तसे गेले. परत आले. सेठला मानेनं "ठीक" अशी खूण केली. मग बारदानाच्या ढिगावर बसले, पाठ भिंतीला टेकवली.

आम्हीही त्यांच्या बाजूला बसलो. मॅडमनी डोळे मिटायची खूण केली. मी मिटले नाहीत.

घेणारा लाइनीतून फिरला, वाकून वाकून पाहिलं आणि हात हलवला, बस, झालं. सेठ खटक्याकडे निघाला.

शमीमभाभी धावली. ती खटक्यासमोर उभी राहिली आणि जी बाई एवढ्या महिन्यांत कधी मोठ्यानं बोलली नव्हती, ती मशिनांच्या वर आवाज काढून ओरडली, "सेठ, अभी बंद मत करो! इनकी आँख लगी है!"

सेठनं हात मागं घेतला. घेणाऱ्यानं एकदा घड्याळ पाहिलं, आणि आमच्या शेजारी बारदानावर येऊन बसला.