डाव्या पायाचा ठेका

त्या सोमवारी ह्यांनी चहा घेतला, वर्तमानपत्र वाचलं आणि खुर्चीतून उठताना ते पडले. उमरग्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि ते गेल्याचं सांगितलं. दुपारी आम्ही त्यांना घरी आणलं.

आमच्याकडे वर्ष पाळतात. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात गाणंबजावणं नाही. त्यामुळे ह्यांच्या कपाटातली जॅझची रेकॉर्डिंग्ज बंद राहिली. मला त्याची अडचण वाटली नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, कारण मनात एक भीती होती. मी शाळेतली ग्रंथपाल. घरात भजन ऐकत वाढलेली. जॅझ मला ह्यांनी दिलं. ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मुंबईत शिकताना वसतिगृहातल्या एका मित्रामुळे त्यांना हा नाद लागला होता. त्यांचा जीव एका अमेरिकन ड्रमवादकावर होता. तीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून त्याला ऐकलं. पण मला तो खरंच आवडत होता, की शेजारी बसणं आवडत होतं, हे मी कधी तपासलं नव्हतं. आता एकटीने ऐकलं आणि नुसता खडखडाट ऐकू आला तर?

सुरुवातीला तो खडखडाटच वाटायचा. “हातांकडं बघू नको,” हे म्हणायचे, “त्याच्या डाव्या पायाचा ठेका धर.” डाव्या पायाखाली झांजांची एक जोडी असते, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला ती मिटते. रेकॉर्डवर पाय दिसणार कसा? पण काही महिन्यांनी तो बारीक ‘च्क’ मला सगळ्या आवाजांच्या मागे ऐकू येऊ लागला. मग वरचे हात कितीही भटकले तरी घर कुठे आहे ते कळायचं.

लग्नानंतर सहाव्या वर्षी तो ड्रमवादक कार्यक्रमासाठी पुण्यात आला. आम्ही एसटीने सोलापूर आणि तिथून रेल्वेने गेलो. तो उंच, बारीक, कोट घातलेला माणूस होता. बाकीचे वादक थांबले आणि तो एकटा वाजवू लागला, तेव्हा मी सवयीने मांडीवर बोटं मोजायला लागले. भजनात सम आली की हात आपोआप जातो. इथेही समेवर माझी टाळी गेली, चांगली खणखणीत. नेमकी ती मात्रा त्याने मोकळी सोडली होती. अख्ख्या सभागृहात मी एकटीच वाजले. त्याने मान वर केली, हसला, आणि पुढच्या आवर्तनात तीच जागा पुन्हा मोकळी सोडली. मी पदर घट्ट धरून बसले.

“माणूस तुझ्यासाठी थांबला होता,” हे परतीच्या गाडीत म्हणाले. “साथ द्यायची ती बसलीस गप्प!” हे त्यांनी पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगितलं.

दुसऱ्यांदा त्याला मुंबईत ऐकलं तेव्हा तो म्हातारा झाला होता. तो जवळजवळ ब्रशनेच वाजवत होता. ड्रमच्या कातड्यावर तारांचे ब्रश गोल गोल फिरत होते; कोणी शेजारच्या खोलीत धान्य पाखडतंय असा आवाज. पुण्यात त्याने पन्नास गोष्टी केल्या असतील. इथे दहा केल्या, आणि त्या पुरल्या. तेव्हा ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ह्यांना जाऊन चार महिने झाले तेव्हा माझे दीर अणदूरहून आले. ते गावच्या भजनात पखवाज वाजवतात. भावासाठी त्यांनीही वर्ष धरलं होतं. पखवाज कापडात गुंडाळून ठेवला होता, वाजवण्याआधी डाव्या तोंडाला लावतात ती कणीक लागली नव्हती. ह्यांच्या जॅझची त्यांनी आयुष्यभर टिंगल केली. दारातूनच ओरडायचे, “दादा, साहेबाच्या मांडणीवरनं भांडी पडली का?”

त्या दिवशी जेवण झाल्यावर ते बराच वेळ कपाटाकडे बघत बसले.

“वहिनी, ते भांड्याचं लावा की.”

“भाऊजी, वर्ष व्हायचंय अजून.”

“वरीस आपून पाळायचं. त्या बाबाला कशापायी?”

मी उठले. मुंबईच्या कार्यक्रमानंतर आणलेलं, ब्रशचं वादन असलेलं रेकॉर्डिंग लावलं. भाऊजी डोळे मिटून मांडीवर ताल धरू लागले, दोनदा चुकले आणि वैतागले.

“समेवर का मारंना ह्यो? येत न्हाय का?”

“येते. तुम्हाला ती ठाऊक आहे, मग त्याने कशाला सांगायची?”

“मग दादा काय म्हणायचे ह्याला?”

“ते म्हणायचे, तो पियानोवाल्याची वाट बघतो.” मी बोलता बोलता थांबले. डावा पाय ऐकू येत होता. पियानो येऊन गेला तरी ब्रश समेवर पडला नव्हता. “पण नाही, भाऊजी. तो वाट बघत नाहीये. मागे तो मोठ्या तंतुवाद्याचा जाड आवाज आहे ना, तो ऐकू यावा म्हणून बाजूला झालाय. ह्यांचं इथे चुकत होतं.”

भाऊजींनी डोळे उघडले. “दादा चुकायचे? हे त्यांच्या तोंडावर बोलायचं हुतं की!”

“तेव्हा कळलं नव्हतं.”

ते हसले, मग उपरण्याने तोंड पुसलं. “पुन्यांदा लावा,” म्हणाले. आम्ही ते तीन वेळा ऐकलं. संध्याकाळच्या एसटीने ते परत गेले. गावात कोणाला काही सांगितलं असेल असं वाटत नाही.

वर्षश्राद्धाला अजून पाच महिने आहेत. कपाटात त्या वादकाची एकवीस रेकॉर्डिंग्ज आहेत. त्यातली नऊ मी एकटीने ऐकली आहेत.