दुमडलेला अंगठा

कॅनडात, सस्काटूनला आमच्या कोपऱ्यावरच्या पबमध्ये तो गोरा म्हातारा रोज काउंटरच्या टोकाला बसायचा. नवं गिऱ्हाईक दिसलं की पबचे आजवरचे मालक बोटांवर मोजून ऐकवायचा. पहिला आयरिश, भांडकुदळ. दुसरा त्याचा जावई. तिसरी एक बाई, तिच्या हातचं सूप पुन्हा कुणाला जमलं नाही. चौथा हॉकीत दात पाडून घेतलेला. अंगठा मात्र तळहातात दुमडलेलाच राहायचा.

दोन हजार सतराच्या हिवाळ्यात मी विचारलंच, “आणि मग?”

“मग काय, पब बंद पडला,” असं म्हणून त्याने बिअरचा ग्लास संपवला.

सहा वर्षं तो पब चालवणारे आमचे नागपूरचे काका समोरच उभे होते. त्यांनी न विचारता त्याचा ग्लास पुन्हा भरला आणि मला मराठीत म्हणाले, “रोज हेच सांगते तो. आता मलेही खरं वाटते.”