दोन नंबरचा गडी

नेवासा फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो, तेव्हा आप्पांनी तिकीट विचारलं नाही की पासपोर्ट. एवढंच म्हणाले, "तिकडं गेल्यावर बोलाया मानूस बघ. नुसतं काम करू नको." एसटी आली तशी धाकटा भाऊ सोपान माझी बॅग तिच्या डिकीत कोंबू लागला. आई आलीच नव्हती. गाय व्यायला झालीय म्हणून घरी थांबली, पण खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बस हलली तसा सोपानने हात केला आणि लगेच मोटरसायकलकडे वळला, कारण उसाला पाणी चालू होतं. मी निघाले, तो राहिला. यावर घरात कधी बोलणंच झालं नाही.

आता मी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या गावात मातीच्या प्रयोगशाळेत काम करते. शनिवारी हे गाव कॉलेजच्या फुटबॉलसाठी जत्रेसारखं लोटतं. पहिला हंगाम मी दार लावून वरणभात खात काढला. मग आप्पांचं वाक्य आठवलं आणि शेजारच्या डेव्हच्या गॅरेजमध्ये जाऊन बसले. खुर्च्या, शेगडी, टीव्ही आणि तावातावाने भांडणारी माणसं. आमच्या गावचा पारच म्हणा, फक्त वर पिंपळ नाही.

हा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. चेंडू फेकणारा मुख्य गडी म्हणजे क्वार्टरबॅक. एका वेळी मैदानात तो एकच. दोन नंबरचा टोपी घालून कडेला उभा राहतो आणि हातवारे करून आतल्यांना निरोप पोचवतो. गॅरेजमधलं सगळं भांडण या दोन नंबरच्यावरून. त्याने थांबावं की हंगाम संपल्यावर दुसऱ्या कॉलेजात जावं? हल्ली तशी मुभा आहे. डेव्हचं म्हणणं, पुढच्या वर्षी जागा त्याचीच, थांबायला काय झालं? त्याची बायको लिंडा म्हणायची, पुढच्या वर्षी बाहेरून आणखी कुणाला आणतील आणि हा टोपी घालूनच पदवी घेईल.

आमची शनिवारची संध्याकाळ म्हणजे तिकडे रविवारची सकाळ, धारा काढून झालेल्या. गंमत म्हणून मी हा वाद घरी सांगितला. आप्पा एकदम रंगले. त्यांचा निकाल तयार होता: नवा गोऱ्हा शिकवायचा तर जुन्या बैलाच्या जोडीला जुंपावा लागतो, त्याशिवाय तास सरळ धरत नाही. तेव्हा पोराने थांबावं. आप्पांपुढे कधी तोंड न उघडणारा सोपान मागून म्हणाला, "पन आप्पा, गोऱ्हा किती वर्सं शिकाऊच ठिवायचा?"

मग दर रविवारी हेच. मी फोन लावायचा अवकाश, की दोघांची जुंपायची. मी हरखून गेले. नेवासा तालुक्यात अमेरिकन फुटबॉलचे दोन शौकीन तयार केले होते मी! डेव्हला सांगितलं, तर त्याने आप्पांसाठी संघाची लाल टोपी दिली. मी ती कुरिअरने पाठवूनही दिली.

एकदा दोघंही रानात असताना आईने एकटीनेच फोन केला. म्हणाली, "अगं, कुठला क्वार्टरबॅक घेऊन बसलीस? सोपानला नाशकाला जायचंय."

एका ठिबकवाल्या कंपनीने त्याला बोलावलं होतं, द्राक्षबागांची कामं बघायला. आप्पांना ठाऊक होतं, सोपानलाही ठाऊक होतं की आप्पांना ठाऊक आहे. आमच्या घरात स्वतःची गोष्ट कुणी सरळ मांडत नाही. माझ्या अमेरिकेची चर्चासुद्धा वर्षभर एका मामेबहिणीच्या नावाने चालली होती. तरी आईने सांगेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

आप्पांची अडचण खोटी नव्हती. त्यांना पाटा-दंडाने पाणी द्यायचं कळतं. ठिबकचे वॉल, मोटर, खत सोडायची टाकी, सगळं सोपानच्या हातात. आणि खरं सांगते, तो थांबला तर बरं, असं मलाही वाटत होतं. तो तिथे होता म्हणून मी इथे निर्धास्त झोपत होते. पुढच्या रविवारी मी कुणाचीच बाजू घेतली नाही.

मग एका सामन्यात मुख्य गड्याचा खांदा दुखावला आणि दोन नंबरचा उतरला. असा खेळला की डेव्ह खुर्चीवर उभा राहिला. पण पुढच्या सामन्यात मुख्य गडी परत आला आणि हा पुन्हा टोपी घालून कडेला. मी घरी सांगितलं.

"आता त्याला धरून ठिवू नये," आप्पा म्हणाले. "गडी तयार हाय. जाऊ द्या."

सोपान फक्त "व्हय" म्हणाला. मोबाईल त्याच्याच हातात होता. चित्र हललं आणि मला बराच वेळ नुसते छताचे पत्रे दिसले. इकडे माझेही डोळे भरून आले होते, त्यामुळे बरंच झालं.

तो पोरगा दुसऱ्या कॉलेजात गेला. डेव्ह चिडला, पण अजून सकाळी उठून आधी त्याचाच निकाल बघतो. सोपान नाशिकला रुळलाय. रविवारी आता फोनवर तीन चौकटी असतात. तुमच्यातले जे निघालेत आणि जे मागे राहिलेत, दोघांना सांगते: घर म्हणजे आपल्यासाठी कुणीतरी जागच्या जागी बसून राहणं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्यात माझी सोय होती. आता घर त्या तीन चौकटींत मिळून आहे आणि मला ते पूर्वीपेक्षा बरं वाटतं.

परवा आप्पा लाल टोपी घालूनच फोनवर आले. विचारलं, "तुमच्याकडं आता दोन नंबरला कोन?" मी म्हटलं, नवा आहे एक. "आणि आप्पा, आपल्याकडे?"

उत्तर मागून आलं. आई रानातून आली होती, पाय चिखलाने भरलेले, मोटरची किल्ली कमरेला. आम्ही तिघं वाद घालत होतो त्या महिन्यांत तिने सोपानकडून एकेक वॉल शिकून घेतला होता.

"हितं दोन नंबर कुठला?" ती म्हणाली. "मोटर मीच चालू करते, मीच बंद करते. टोपी घालून कडंला कोन उभं ऱ्हातं, ते ह्यांनाच इचार."

आप्पांनी टोपी नीट केली आणि खुशीत मान डोलावली.