दोनच फोडी, पण बसून

दुपारची जेवणाची गर्दी होती. कापूरहोळच्या माझ्या ढाब्यावर एकही टेबल रिकामं नव्हतं, आणि तेवढ्यात पुतणीचा, सुमनचा फोन आला. "काका, आबा गेलं..." एवढंच बोलली. हातातला झारा तसाच धरून मी उभा राहिलो. सुमनचे आबा म्हणजे माझा थोरला भाऊ, किसनदादा. महिना होत आला, पण एक गोष्ट अजून मनाला पटत नाही. आम्हा दोघांत आधी जायला हवा होता तो मी.

दादा वेल्ह्याच्या डोंगरातल्या आमच्या वस्तीवरच राहिला, शेती केली, गुरं सांभाळली. मी खाली हायवेला येऊन ढाबा टाकला आणि जिभेला कधी अडवलं नाही. गिऱ्हाइकांबरोबर खायचं, मित्रांबरोबर प्यायचं, आणि तोंडात तंबाखूची गोळी कायमची. चार वर्षांपूर्वी गल्ल्यावर बसल्या बसल्या छातीत कळ आली. पुण्याला ऑपरेशन झालं. घरी परतलो तर दादा माझ्या आधीच ओट्यावर येऊन बसलेला, शेजारी कपड्यांची पिशवी. गुरं वहिनीवर सोपवून तो माझ्याकडं दीड महिना राहिला.

मी जगण्यावरच रुसलो होतो. बायको पथ्याचं जेवण वाढायची, मी ताट सरकवून द्यायचो. "असलं खाऊन जगण्यापरीस मेलेलं बरं," असं एकदा बोलूनही गेलो. दादा चिडला नाही. पुढच्या तपासणीला माझ्याबरोबर आला आणि डॉक्टरांना सरळच विचारलं, "सायेब, ह्याला मटण आता जल्मात न्हाई का?" डॉक्टर हसले. कधीतरी, थोडं, कमी तेलातलं चालेल म्हणाले. त्या रविवारी दादानं स्वतः मटण शिजवलं आणि माझ्या ताटात दोन फोडी वाढल्या.

"दोनच?"

"दोनच. पण बसून खा. आजवर उभ्यानंच गिळत आलास. तुला चव कुठं ठावं हाय?"

स्वतःही तेवढंच घेऊन तो समोर बसला. त्याला तर कसलीच बंदी नव्हती. त्या दोन फोडी मला अर्धा तास पुरल्या... तीस वर्षं ढाबा चालवणाऱ्या माणसाला त्या दिवशी मटणाची चव कळली.

तंबाखूला मात्र त्यानं माप ठेवलं नाही. "ही सुटायचीच," म्हणाला आणि पुडी चुलीत टाकली. रोज सकाळी मला शेजारच्या वरवे गावाच्या दिशेनं चालायला न्यायचा. मी दमलो की थांबायचा, बांधावरची करवंदं तोडून हातावर ठेवायचा. माणूस रसिक होता. जत्रेत लेझीम खेळायचा, लग्नात जिलबी मागून घ्यायचा. पण एकदा 'पुरं' म्हणाला की पुढं वाढायची कुणाची हिंमत नसायची.

यंदा थंडीत त्याचं पोट दुखायला लागलं. कॅन्सर निघाला, आणि तोही फार पुढं गेलेला. दवाखान्यात त्याला पाण्याचा घोटसुद्धा जड जायचा. एका दुपारी मला राहवलं नाही. "दादा, एवढं जपून जगलास, आन् तुलाच का रं?"

त्यानं माझ्याकडं मान वळवली. मग हळू म्हणाला, "म्या कुठं जपलं, बाळ्या? मला तेवढ्यातच ग्वाड लागायचं... आन् लई ग्वाड लागलं."

त्यानंतर आमचं असं बोलणं झालं नाही. मातीला जमलेल्यांत कुणीतरी पुटपुटलं, "एवढ्या नेमानं राहून काय उपयोग झाला?" मला त्याचा राग आला, पण तोच प्रश्न माझ्याही तोंडात होता. फरक इतकाच, की त्याच्या नेमाचा उपयोग म्हणून मी तिथं जिवंत उभा होतो.

गेल्या आठवड्यात वस्तीवर गेलो. दिवेलागणीला वहिनीनं भाकरी-आमटी वाढली. जेवण झाल्यावर मी उठलो तशी ती म्हणाली, "भावजी, गोठ्यात जाऊन या जरा. जेवण झालं की ह्ये रोज जायाचं म्हशीची मान खाजवायला. ती आजून वाट बघती."

मी गेलो. चपलांचा आवाज ऐकून म्हैस धडपडत उठली, मान लांब केली. मी मानेवर हात ठेवला. तिनं तो हुंगला... आणि तोंड फिरवून दाराकडं बघत राहिली.