वहिनीची क्रेन
माझी वहिनी माझ्याबरोबर बांधकामावर विटा वाहायची. जेवणाच्या सुट्टीत तिचा डबा तसाच राहायचा आणि ती मान वर करून उंच क्रेनकडे बघत बसायची. एक दिवस म्हणाली, "मला ती चालवायची आहे." सगळे खो खो हसले. माझी आई, म्हणजे तिची सासू, तेवढी हसली नाही.

शिकायला सहा महिने दुसऱ्या गावी राहावं लागणार होतं, आणि वहिनीच्या मजुरीवाचून घरची चूल पेटणं कठीण होतं. गुडघे गेले म्हणून घरी बसलेल्या आईने साठाव्या वर्षी पुन्हा डोक्यावर चुंबळ ठेवली आणि सुनेच्या जागी ती विटा वाहू लागली. रोज सकाळी हात जोडायची, "देवा, माझ्या सुनेला लवकर वर ने." मग जीभ चावून म्हणायची, "क्रेनवर रे बाबा!"

पहिल्या परीक्षेत वहिनी नापास झाली. वरून खाली बघताच तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. "आई, मी परत येते," ती फोनवर रडली.

"मी देवाला रोज सांगतेय, दमले का? तू परत परीक्षेला बस."

दुसऱ्या खेपेला ती पास झाली.

आमच्याच बांधकामावर, कामाच्या पहिल्या दिवशी तिने सळ्यांचा अख्खा भारा उचलला आणि नवव्या मजल्यावर फूल ठेवावं तसा अलगद टेकवला. आम्ही सगळे हातातली कामं सोडून बघत होतो. आई कपाळावर हात आडवा धरून वर बघत होती. मग हळूच मला म्हणाली, "एवढ्या उंचावर एकटी बसलीय. भीती नाही वाटत गं तिला?"